ठासणीचं पिस्तूल आणि १८९८ची रेघ



पत्रिका छापायला जाण्याआधी संयोजकांपैकी एकांचा मला फोन आला. ‘बाई, विषयात छपाईची चूक नाही ना? पिस्तूल असं आलंय.’ चूक नाही. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी फौजदारी कायदा शिकले. कुठलाही कायदा हातात पडला की सर शिक्षेची कलमं बाजूला ठेवायचे आणि थेट व्याख्यांच्या कलमावर जायचे. कोण आत आणि कोण बाहेर ते आधी बघा, म्हणायचे, बाकी सगळं त्यातून निघतं. आज मी अशाच एका व्याख्येबद्दल बोलणार आहे. तिच्या बाहेर राहिलेली वस्तू हातात धरून माणूस मारता येतो, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

निमित्त माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. तो न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. सुट्टीत नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात जुन्या वस्तूंच्या बाजारात गेला असताना त्याला काचेच्या कपाटात चकमकीचं एक पिस्तूल दिसलं. अक्रोडाची मूठ, पितळेची कड, शेजारी दारू भरायचं शिंग. दुकानदार म्हणाला, याला कागदपत्रं लागत नाहीत, कायद्याने हे पिस्तूलच नाही. त्याने तिथूनच मला फोन लावला. ‘मॅडम, घेऊ का? दिवाणखान्यात लावीन म्हणतो.’ मी म्हटलं, पैसे देऊ नकोस, मला दोन दिवस दे. मला वाटलं होतं दोन तासांचं काम आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. (मराठीत बंदुकीत भरतात तीही दारू आणि पेल्यात ओततात तीही दारू. दोन्हींना परवाना लागतो, एवढं साम्य आपल्या सरकारने राखलं आहे.) आजच्या काडतुसात गोळी, दारू आणि ती पेटवणारी टिकली एकाच पितळी कवचात बंद असतात, आत सरकवलं की काम झालं. काळ्या दारूच्या पिस्तुलात हे सगळं सुटं. तोंडाकडून मोजून दारू ओतायची, वर शिशाची गोळी बसवायची, गजाने ठासायची. पेटवायला पूर्वी जळता तोडा असे, मग चकमकीचा दगड आला आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याची इवलीशी टोपी. बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट, आणि नळीत राहिलेल्या काजळीने लोखंड इतक्या लवकर गंजतं की त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावं लागतं. आपण एखादी गोष्ट ठासून सांगतो किंवा एखाद्याचा बार फुसका निघतो, तेव्हा याच बंदुकीची भाषा बोलत असतो.

१८३६ साली सॅम्युअल कोल्टने फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचं अमेरिकी पेटंट घेतलं. पुढे त्याचं १८५१चं ‘नेव्ही’ आणि १८६०चं ‘आर्मी’ ही रिव्हॉल्व्हर अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी वापरली गेली. चक्रात सहा घरं. प्रत्येक घरात पुढच्या बाजूने दारू, मग गोळी, नळीखालच्या दांड्याने ती दाबायची. एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरू नये म्हणून वर चरबी लावायची, आणि मागे प्रत्येक घराला एकेक टोपी. सराव असला तरी यात मिनिटं जातात. पण एकदा भरून झालं की सहा बार, मध्ये न थांबता. हे लक्षात ठेवा, कारण कायद्याची गाठ पुढे इथेच बसते.

त्या युद्धात केंद्र सरकारच्या दारूतला सोरा मुख्यतः आपल्याकडचा होता. १८६१च्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्र सरकारने दारू बनवणाऱ्या ड्यू पाँ घराण्यातल्या लामो ड्यू पाँ या तरुणाला गुपचूप लंडनला पाठवलं आणि त्याने तिथे मिळेल तेवढा हिंदुस्थानी सोरा विकत घेतला. नेमकं त्याच वेळी ‘ट्रेंट’ या जहाजावरून ब्रिटन आणि अमेरिका भांडायला उठले आणि ब्रिटिशांनी सोऱ्याची निर्यात रोखून धरली. वाद मिटल्यावरच माल सुटला. बिहारच्या खाऱ्या मातीतून खरवडून काढलेला सोरा अशा रीतीने कोल्टच्या नळीत गेला.

आता व्याख्येकडे वळते. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या रायफलीने झाली. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’वर सही केली. विक्रेत्याला परवाना, राज्याच्या हद्दीपलीकडून टपालाने बंदूक मागवायला बंदी, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक वर्ज्य, हे सगळं त्यातलं. आणि त्याच कायद्याच्या व्याख्यांमध्ये एक छोटं वाक्य आहे : ‘फायरआर्म’ या शब्दात ‘अँटिक फायरआर्म’ येत नाही.

मग अँटिक म्हणजे काय? १८९८ साली किंवा त्याआधी बनवलेलं कुठलंही अग्निशस्त्र. त्याची आजची प्रतिकृतीसुद्धा, पण ती आजच्या नेहमीच्या काडतुसासाठी बनवलेली नसली तर. १९९८ साली आणखी एक पोटकलम जोडलं गेलं : काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणारं आणि काडतूस न घेणारं, तोंडाकडून भरायचं कुठलंही पिस्तूल, रायफल किंवा शॉटगन. फक्त ते नेहमीच्या बंदुकीच्या सांगाड्यावर उभं केलेलं नसावं आणि नळी किंवा बोल्ट बदलून चुटकीसरशी काडतुसाचं करता येऊ नये.

१८९८च का, याचं समर्थन करायला जाल तर फार ताण द्यावा लागतो. फ्रेंचांनी १८८६ साली बिनधुराच्या दारूची रायफल सैन्यात आणली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत काळ्या दारूचं युग संपत गेलं, एवढं खरं. पण रेघ ही रेघच असते. कोल्टचं १८७३चं काडतुसी रिव्हॉल्व्हर घ्या. एक नग १८९८च्या डिसेंबरात बनला, दुसरा १८९९च्या जानेवारीत. कारखाना एक, यंत्र एक, काडतूस एक, आणि ते काडतूस आजही दुकानात मिळतं. पहिला नग केंद्रीय कायद्याने अँटिक, दुसरा बंदूक. पहिल्याला नोंद नाही, चौकशी नाही. आमच्या सरांना असली उदाहरणं फार आवडायची. पेपरात हमखास घालायचे आणि मुलं हमखास चुकायची.

व्यवहारात मात्र जुन्या नगांपेक्षा नव्या प्रतिकृतींची संख्या फार मोठी आहे. यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते ६५ मध्ये साजरी झाली. जुने गणवेश घालून लढाया उभ्या करणाऱ्या हौशी लोकांना जुनी पिस्तुलं हवी होती आणि खरी महाग होती. उत्तर इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदुका घडवणाऱ्या गावातल्या कारागिरांनी ती गरज ओळखली. उबेर्ती आणि पिएत्ता ही त्या भागातली नावं आजही हेच काम करतात. १८५१च्या कोल्टची प्रत अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत कॅटलॉगवरून मागवता येते आणि ती थेट घरी येते. बंदुकीच्या दुकानातली पार्श्वभूमीची तपासणी तिला लागत नाही. दारू मात्र टपालाने येऊ शकत नाही, कारण टपालखात्याच्या लेखी ती स्फोटक. विमानात तर ती सामानातही चालत नाही आणि टोप्याही चालत नाहीत. स्फोटकांच्या केंद्रीय कायद्याने मात्र हौशी माणसाला अँटिक शस्त्रासाठी ५० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेबावीस किलोच्या आसपास, काळी दारू परवान्याशिवाय बाळगायची मोकळीक दिली आहे. साडेबावीस किलो! आमच्या कोकणात एवढ्यात गावाचा शिमगा पाच वर्षं निघेल.

दुकानदाराचं म्हणणं म्हणजे केंद्रीय कायद्यापुरतं खरं होतं. त्या खरेपणाची दुसरी बाजूही बघायला हवी. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला केंद्रीय कायदा ‘फायरआर्म’ बाळगू देत नाही. काळ्या दारूचं सहाबारी रिव्हॉल्व्हर हे फायरआर्म नाही, म्हणून ती बंदी त्याला लागू होत नाही. अनेक राज्यांनी हे भोक आपापल्या कायद्याने बुजवलं, अनेकांनी नाही. २०१६ साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. शिकारीला निघालेल्या, पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाकडे टोपीची, काळ्या दारूची रायफल होती, वर आजची दुर्बीण बसवलेली. सरकार पक्ष म्हणाला, अशी दुर्बीण असलेली बंदूक जुन्या बंदुकीची प्रत कशी? न्यायालयाने आरोपीच्या बाजूने कौल दिला : बंदूक पेटते कशी ते बघा, वर काय बसवलंय ते बघू नका. व्याख्येचा अर्थ म्हणून मला हा निकाल पटतो. सुरक्षिततेचा नियम म्हणून नाही पटत.

का, ते सांगते. १४ एप्रिल १८६५ची रात्र. वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने अध्यक्ष लिंकन यांच्या डोक्यामागे तळहातात मावेल एवढं पिस्तूल धरून बार काढला. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने बनवलेलं, टोपीचं, एकबारी. आज ते त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयात आहे. आजच्या केंद्रीय कायद्यात ते फायरआर्म नाही. तो बार उडाल्यावर शेजारी बसलेले मेजर रॅथबोन अंगावर धावून आले, तेव्हा बूथकडे दुसरा बार नव्हता. पिस्तूल टाकून त्याला सुरा काढावा लागला. कायद्याची सवलत कशावर उभी आहे, ते मला या दोन क्षणांत दिसतं. ठासणीचं पिस्तूल निरुपद्रवी आहे असं ती म्हणत नाही, लिंकनच्या देशात कोण म्हणेल? ती म्हणते, पुढचा बार भरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी हात धरील. सवलत मिळाली आहे ती संथपणाला. ज्या क्षणी सहा घरांचं चक्र आलं त्या क्षणी ते गृहीतक अर्धं मोडलं. कायद्याने मात्र एकबारी आणि सहाबारी एकाच पिशवीत टाकले.

चक्राचीच आणखी एक करामत सांगते. या प्रतिकृतींना बसणारं काडतुसाचं बदली चक्र बाजारात मिळतं. जुनं चक्र काढलं, हे घातलं की त्याच पिस्तुलात आजची काडतुसं जातात. ते बसवलेलं पिस्तूल मग प्रतिकृतीच्या सवलतीत राहत नाही. कपाटात चक्र आणि भिंतीवर पिस्तूल अलग असतील तर अँटिक, एकत्र झाले की बंदूक. रसायनाच्या प्रयोगासारखं झालं हे.

घरात ठेवणं एवढ्यावर प्रश्न संपत नाही, कंबरेला लावून रस्त्यावर निघायचं का हाही आहे. केंद्रीय कायदा इथे गप्प आहे, बोलतात ती राज्यं, आणि पन्नास तोंडांनी. टेक्सासच्या दंडसंहितेत १८९९च्या आधीच्या शस्त्राला आणि त्याच्या बिनकाडतुसी प्रतीला व्याख्येतूनच बाहेर ठेवलं आहे. एकेकाळी तिथे परवान्याविना पिस्तूल लावून फिरायची ही वाट होती. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासने बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायच पिस्तूल लावायला मोकळीक दिली आणि तिची गरजच फारशी उरली नाही. पेनसिल्व्हेनिया जास्त सावध आहे. अँटिकला सवलत, पण लपवून बाळगलंत तर सवलत गेली, आणि शस्त्रबंदी असलेल्या माणसाच्या हाती ते चालण्याजोगं असेल तरी गेली. न्यूयॉर्कने तर व्याख्येतच ‘न भरलेलं’ हा शब्द घातला. तिथे तुमच्या भिंतीवरचं पिस्तूल अँटिक आहे, पण कुणी त्यात दारू आणि गोळी ठासली की त्याचा अँटिकपणा संपला. वस्तू तीच, वय तेच. मला ही व्याख्या यातली सर्वांत प्रामाणिक वाटते.

आणि न्यू जर्सी. तिथल्या व्याख्येत जुनी रायफल बसते, शॉटगन बसते, पण पिस्तूल बसत नाही. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकाला तिथे अटक झाली. गाडीत अठराव्या शतकातलं चकमकीचं पिस्तूल होतं, न भरलेलं, फडक्यात गुंडाळलेलं. विनापरवाना पिस्तूल बाळगल्याचा आरोप, अनेक वर्षांच्या कैदेची टांगती तलवार. बोभाटा झाल्यावर सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. गंमत म्हणजे याच राज्यातल्या वीहॉकन इथे ११ जुलै १८०४ला अ‍ॅरन बर आणि अलेक्झांडर हॅमिल्टन द्वंद्वाला उभे राहिले होते, आणि त्यातल्या गोळीने हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी गेले. बर त्या वेळी देशाचे उपाध्यक्ष होते. पिस्तुलं चकमकीची, लंडनच्या कारागिरांची. न्यूयॉर्कमध्ये द्वंद्वावर खटले जास्त कडकपणे चालत म्हणून मंडळी नदी ओलांडून न्यू जर्सीत येत. दोनशे वर्षांनी नदीच्या पाण्याचा उतार फिरला म्हणायचं!

सवलत कधी उलटी लागते तेही ऐका. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कुलूपबंद, न भरलेली बंदूक नेणाऱ्या प्रवाशाला मधल्या राज्यांच्या कायद्यापासून संरक्षण देणारं केंद्रीय कलम आहे. पण ते ‘फायरआर्म’ नेणाऱ्याला. अँटिक हे फायरआर्म नाही. शब्दशः वाचलं तर आधुनिक पिस्तूल नेणारा सुरक्षित आणि पणजोबांचं पिस्तूल नेणारा उघड्यावर. व्याख्येबाहेर पडलेल्याला व्याख्येच्या आतली छत्रीही मिळत नाही.

२३ जून २०२२ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या परवाना पद्धतीविरुद्ध निकाल देताना सांगितलं की शस्त्रावरचं आजचं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळलं पाहिजे. म्हणजे मोजपट्टी अठराव्या शतकाची, जेव्हा हातात चकमकीशिवाय काही नव्हतं. त्याआधी २००८ साली त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की शस्त्र बाळगण्याच्या हक्काला असलेलं घटनेचं संरक्षण फक्त त्या काळच्या शस्त्रांपुरतं आहे हा युक्तिवाद विचारात घेण्यालायकसुद्धा नाही. हक्क जुन्या पिस्तुलाच्या काळात ओतलेला आणि लागू होतो आजच्या पिस्तुलाला. खुद्द जुनं पिस्तूल मात्र व्याख्येबाहेर, ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. त्याच्या नावाने घर चालतं आणि त्याला कुणी विचारत नाही.

ब्रिटनचा रस्ता वेगळा आहे आणि तो मला जास्त शिकवून गेला. १९६८ साली तिथेही शस्त्र कायदा झाला. त्यात अँटिकला सूट आहे, पण ती वर्षाला बांधलेली नव्हती. शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ते बाळगलं असेल तर सूट. प्रश्न शस्त्राच्या वयासोबत मालकाच्या मनाला विचारलेला आहे. तेच पिस्तूल भिंतीवर सूटपात्र, पण रविवारी मैदानावर नेऊन बार काढला की परवान्याचं. १३ मार्च १९९६ला स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या. त्याच्याकडे चार पिस्तुलं होती, सगळी कायदेशीर. पुढच्या वर्षी दोन कायद्यांनी ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पिस्तूल जवळजवळ बंद झालं. इतकं की ब्रिटिश ऑलिंपिक नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागे. त्या बंदीतून मुद्दाम वगळली गेली ती तोंडाकडून भरायची पिस्तुलं. व्याख्येत शब्द आहेत सुटी दारू आणि वेगळी गोळी, नळीच्या किंवा चक्राच्या पुढच्या तोंडातून. ‘चक्राच्या’ या एका शब्दाने कोल्टची सहाबारी वाचली. पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, दारूसाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि रस्त्यावर बाळगायचा तर प्रश्नच नाही. डनब्लेननंतर अनेक पिस्तूलबाज काळ्या दारूकडे वळले ते हौसेने कमी आणि उरलेलं दार म्हणून जास्त.

मनाला विचारलेल्या प्रश्नाची पंचाईत अशी की मन खोटं बोलतं. ज्यांची काडतुसं आता बनत नाहीत अशी एकोणिसाव्या शतकातली रिव्हॉल्व्हर शोभेची म्हणून विकली जात, आणि गुन्हेगार त्यांच्यासाठी हाताने काडतुसं बनवून घेऊ लागले. मार्च २०२१मध्ये सरकारने नियम करून पहिल्यांदा रेघ ओढली : १ सप्टेंबर १९३९च्या आधी बनलेलं असेल तरच अँटिक. आणि कालबाह्य काडतुसांच्या यादीतून सात प्रकार वगळले. तारीख दुसऱ्या महायुद्धाची. अमेरिकनांची रेघ १८९८ची, यांची १९३९ची; पिस्तूल म्हातारं कधी होतं याचं उत्तर समुद्र ओलांडला की चाळीस वर्षांनी बदलतं.

जर्मनीने सरळ बार मोजले. १८७१च्या आधी विकसित झालेल्या नमुन्याचं एकबारी टोपीचं पिस्तूल प्रौढाला परवान्याशिवाय घेता येतं, सहाबारी नाही. उडवायचं तर दारूसाठी स्फोटकांचा परवाना. संथपणाच्या गृहीतकाशी खरी राहिलेली हीच एक व्याख्या. पोलंडने उलट १८८५च्या आधीच्या सुट्या भरणीच्या सगळ्या नमुन्यांना, प्रतिकृतींसकट, मोकळं सोडलं.

आणि आपण? हिंदुस्थानात १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला, त्यात युरोपीयांना सूट होती. १९५९चा आपला कायदा आला आणि सूट माणसाच्या रंगावरून वस्तूकडे गेली. त्याच्या ४५व्या कलमात जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण अट अशी की ती दुरुस्त करूनही उडता कामा नयेत. साल नाही, हेतू नाही. पानिपताच्या वेळचं पिस्तूल असलं तरी लोहाराने नवी कमान बसवून ते उडणार असेल तर लायसन काढा. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली, तेव्हा वाडवडिलांची शस्त्रं जपणाऱ्या घरांमध्ये किती धावपळ झाली ते काहींना आठवत असेल.

माझ्या आजोबांकडे रत्नागिरीच्या बाजूला ठासणीची बंदूक होती. पीकसंरक्षणाच्या लायसनची, रानडुकरांसाठी. पिस्तूल नव्हे, लांब नळीची. निवडणूक लागली की ती पोलिस ठाण्यात जमा करायची, मतमोजणी झाली की आणायची. आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने न्यायचे आणि कंडक्टर तिचं तिकीट काढायला लावायचा. एकदा ठाण्यातून परत आली तेव्हा गज हरवलेला होता. गजाशिवाय ठासणीची बंदूक म्हणजे कळशीशिवाय विहीर. आजोबांनी अर्ज केला. उत्तर आलं की जमा पावतीत बंदूक लिहिली आहे, गज लिहिलेला नाही, त्यामुळे गज जमा झालाच नव्हता. सरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, गज हा बंदुकीचा भाग आहे की नाही, व्याख्या काढ.

काढली होती. ‘अग्निशस्त्र’ या शब्दात आपल्याकडे शस्त्राचे भागही येतात, पण सुट्या किरकोळ भागांना त्याच ४५व्या कलमात सूट आहे. गज किरकोळ की महत्त्वाचा यावर आजोबा आणि ठाणे अंमलदार यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. सुताराकडून सागाचा नवा करून घेतला.

एडिसनच्या मुलाला मी तिसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, काउंटरवर उभा आहेस तोवर ते पिस्तूल नाही, डेलावेअर नदीच्या पुलावर मध्यापर्यंत पिस्तूल नाही, पलीकडच्या काठाला चाक लागलं की आहे. तो म्हणाला, ‘मॅडम, मग मी पुलावरच राहू का?’ शेवटी त्याने शेजारचं शिंग तेवढं घेतलं. बैलाचं आहे, त्यावर कुणीतरी एका किल्ल्याचा नकाशा कोरला आहे, आणि बूच काढलं की अजून गंधकाचा वास येतो. पुढच्या डिसेंबरात तो ते इकडे घेऊन येणार म्हणतो. विमानतळावर त्या वासाचं काय करायचं, ते त्याने मला अजून विचारलेलं नाही.